पोत्यात गेलेली ८२७९ : इलेक्ट्रॉनिक्सच्या विभागप्रमुखांना खुले पत्र

प्रति,
विभागप्रमुख, इलेक्ट्रॉनिक्स विभाग,
महाराष्ट्रातली सर्व पॉलिटेक्निक आणि अभियांत्रिकी महाविद्यालये.

विषय : जुन्या प्रोजेक्ट बोर्डांवरच्या आयसी (चिपा) काढून पुन्हा वापरण्यास लेखी परवानगी देण्याबाबत.

संदर्भ : लॅबच्या कपाटावर, कपाटाखाली आणि जिन्याखालच्या खोलीत ठेवलेली खोकी.

सर / मॅडम, स.न.वि.वि.

नोकरीत असताना असे अर्ज पुष्कळ लिहिले. बरेचसे 'चर्चा करावी' असा शेरा घेऊन परत आले आणि चर्चा कधी झाली नाही. आता मी निवृत्त आहे, त्यामुळे हा अर्ज थेट सगळ्यांनाच लिहितो. एका पॉलिटेक्निकच्या मायक्रोप्रोसेसर लॅबमध्ये प्रयोगशाळा सहायक म्हणून माझी सत्तावीस वर्षं गेली. किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडे, डेड स्टॉक रजिस्टर माझ्याकडे आणि मुलांनी जाळलेल्या आयसींचा हिशेबही माझ्याकडेच.

एका मे महिन्यात समिती येणार असं ठरलं. कुठली समिती ते सोडा. समिती म्हटली की भिंतींना रंग लागतो आणि कपाटं रिकामी होतात. पाच-सहा वर्षांचे शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट खोक्यांत साठले होते. लाईन फॉलोअर रोबो, टाकीची पातळी दाखवणारे, मोबाईलवरून शेतातली मोटर चालू करणारे. सोबत ८०८५ या जुन्या मायक्रोप्रोसेसरवर मुलांना शिकवायची दोन बंद पडलेली ट्रेनर किटं, रीतसर निर्लेखन झालेली, म्हणजे रजिस्टरातून कमी केलेली. भंगारवाला तागाची पोती आणि तराजू घेऊन आला. त्याच्याबरोबर विशीतला एक पोरगा होता. वजन करायच्या आधी तो उकिडवा बसला आणि बेसमध्ये खोचलेल्या आयसी स्क्रूड्रायव्हरनं पटापट उचकटून एका पत्र्याच्या डब्यात टाकायला लागला. मी विचारलं, "हे कशाला रे?" म्हणाला, "ह्याचा भाव वेगळा, काका."

विभागात त्या दिवशी एम.टेक. झालेली चार माणसं हजर होती. चिपचा भाव वेगळा आणि पाटीचा वेगळा, हे त्या एकट्या पोराला सुचलं. मलाही सुचलं नाही. मी पोत्याचं तोंड धरून उभा होतो.

पुढच्या सत्रात चालू किटांपैकी एकाचा डिस्प्ले गेला. सप्लाय तपासला, ड्रायव्हरचे ट्रान्झिस्टर बदलले, शेवटी बोट ८२७९ वर येऊन थांबलं. ही चाळीस पायांची चिप किटवरच्या कळा चाचपत राहते आणि सेव्हन सेगमेंटचे आकडे सतत ताजे करत राहते, म्हणजे ८०८५ ला त्या कामात डोकं घालावं लागत नाही. ती गेली की किट आंधळं आणि बहिरं एकदमच होतं. मी पुण्यात बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली गाठली. तीन दुकानांत "ते आता कोण मागतं?" हे ऐकलं. चौथ्यानं आतून एक आणून दिली. काळी चकचकीत, वर पांढरीशुभ्र अक्षरं. लॅबमध्ये आणून लावली, काही नाही. मग चष्मा लावून नीट बघितलं. चिपवर बहुधा चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे सालाचे आणि पुढचे दोन आठवड्याचे. हिच्यावर होतं ०९५७. २००९ सालाचा सत्तावन्नावा आठवडा! कापसाला ॲसिटोन लावून घासलं तर काळा रंग कापसावर उतरला आणि खाली दुसऱ्याच कुठल्या तरी नंबराच्या पुसट खुणा दिसल्या.

भंगारात गेलेल्या त्या दोन किटांचे पॉवर सप्लाय गेले होते. त्यांच्यावरच्या दोन्ही ८२७९ ठणठणीत असणार.

आता, जुन्या बोर्डवरची चिप म्हटलं की तुमच्या मनात नेमकी ही रंग दिलेली चिप येते, हे मला माहीत आहे. "सेकंडहँड माल नको" असं तुम्ही म्हणता ते त्या भीतीपोटी, आणि भीती खोटी नाही. २०१२ मध्ये अमेरिकी सिनेटच्या संरक्षणविषयक समितीनं अहवाल दिला, त्यात लष्करी सामग्रीच्या पुरवठ्यात संशयित बनावट भाग शिरल्याची सुमारे १,८०० प्रकरणं होती आणि अशा भागांची संख्या दहा लाखांच्या वर होती. त्यातला बराच माल चीनमधून आलेला, जुने बोर्ड तापवून काढलेल्या चिपा घासून, रंगवून, नवं नाव छापून विकलेला. पण त्यात चिप काढणं हा गुन्हा नव्हता. ती नवी म्हणून विकणं हा होता. आपल्या डब्यावर 'काढलेली, अमुक प्रोजेक्टमधून, अमुक तारखेला तपासली' एवढी चिठ्ठी असली की तीच चिप तपकीर गल्लीतल्या त्या नव्याकोऱ्यापेक्षा जास्त भरवशाची. तिचा इतिहास आपल्याला ठाऊक असतो.

मग अडतं कुठे? मुलांना येत नाही म्हणून अडत नाही, वेळ नाही म्हणूनही नाही. रजिस्टरला अडतं.

लॅब असिस्टंटनं निर्लेखन झालेल्या किटवरून एक आयसी काढून खिशात ठेवली तर ती चोरी. टेबलाच्या खणात ठेवली तर ऑडिटर विचारणार, ही कुठल्या बिलावर आली? कन्झ्युमेबलच्या रजिस्टरला ती चढवता येत नाही कारण बिल नाही, आणि डेड स्टॉकला चढवता येत नाही कारण ती तिथूनच उतरली आहे. म्हणून शहाणा असिस्टंट काहीच काढत नाही. पोतं भरतो, पावती घेतो, फायलीला लावतो. मीही वर्षानुवर्षं तेच केलं.

गंमत अशी की मुलांचे प्रोजेक्ट बोर्ड कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतात. ते मुलांच्या पैशातून झालेले असतात. व्हायवा झाला, फोटो काढले, पोरं ते इथेच टाकून नोकरीला लागली. कॉलेजनं ते कधी विकत घेतले नाहीत, नोंदवले नाहीत. त्यांच्यावरची आयसी काढायला ऑडिटची अडचण येण्याचं कारणच नाही, तरी सगळे त्यांना हात लावायला भितात. म्हणून माझी मागणी तिथूनच सुरू होते. किटांचं नंतर बघू.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी एका नव्या मॅडमनी तोंडी 'हो' म्हटलं, त्या जोरावर जूनमध्ये दुसऱ्या वर्षाची तीन मुलं घेऊन मी चाळीस बोर्डांसमोर बसलो. दोन दुपारी लागल्या. मुलं पहिल्यांदा काय करतात, तर सोल्डर अर्धवट वितळलं असतानाच आयसीखाली स्क्रूड्रायव्हर घालून उचकटतात. सोळापैकी चार पाय बोर्डातच राहतात. त्यांना सांगितलं, सोल्डर काढायचं असेल तर आधी नवं सोल्डर घालायचं. हे कुणालाच पटत नाही. पण दहा वर्षांपूर्वीच्या सोल्डरवर पापुद्रा आलेला असतो, फ्लक्स केव्हाच उडून गेलेला असतो. नुसती सोल्डर गन टेकवून ते धड वितळत नाही. त्यावर ताजं ६०/४० सोल्डर टेकवलं की त्यातला फ्लक्स जुन्यालाही वाहतं करतो, मग सकरनं ते ओढून घेतलं की पाय मोकळा. सगळ्यात हट्टी पाय ग्राउंडचा. त्याच्या मागचं तांबं सगळी उष्णता पिऊन टाकतं. तिथे मुलं चिडतात आणि गन तशीच दाबून धरतात. बऱ्याच डेटाशीटांत लिहिलेलं असतं की पायांना २६० अंश दहा सेकंदच चालेल. दहा आकडे मोठ्यानं मोजायचे, नाही सुटला तर थांबायचं, गार होऊ द्यायचं. एक मुलगी शाळेतल्या कवायतीसारखे मोजायची. तिच्या हातून एकही चिप गेली नाही.

आणखी एक गोष्ट त्यांना उलटी वाटली. दुरुस्तीवाला चिपचे पाय कापून टाकतो आणि बोर्ड वाचवतो, कारण त्याला बोर्ड हवा असतो. आपल्याला बोर्ड नको आहे. ट्रॅक उखडला तर उखडू दे, पाटी करपली तर करपू दे, फक्त चिपला चटका बसता कामा नये. चुकायची भीती नसलेलं असं काम अख्ख्या अभ्यासक्रमात दुसरं नाही. डिसोल्डरिंगचा म्हणून जो एक प्रयोग आपण करून घेतो त्यात मुलं चार रेझिस्टर लावतात आणि तेच चार काढतात.

बोर्ड मोडताना तो वाचलाही जातो, हे मला आधी लक्षात आलं नव्हतं. ७८०५ या पाच व्होल्टच्या रेग्युलेटरला हीटसिंक नाही आणि शेजारचं प्लॅस्टिक पिवळं पडलंय, म्हणजे हा तापत होता. ८०५१ या मायक्रोकंट्रोलरच्या सप्लायच्या पायाजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर नाही, म्हणजे रिले पडला की हा रीसेट होत असणार. ड्राय सोल्डर (धड न धरलेला सांधा) भिंगाखाली कसं दिसतं ते पुस्तकातल्या चित्रापेक्षा तिथे जास्त कळतं. एका बोर्डवर तर एटी८९सी५१ च्या क्रिस्टलचा एक पाय कुठेच जोडलेला नव्हता, आणि तिथे कधी सोल्डर लागलेलंही नव्हतं. त्या चिपला आतलं घड्याळ नसतं, क्रिस्टलशिवाय ती एक पाऊलही टाकत नाही. म्हणजे तो प्रोजेक्ट कधी चाललाच नव्हता. त्याला व्हायवात किती मार्क पडले ते मी शोधलं नाही, तुम्हीही शोधू नका.

निघालं काय? मोटर चालवायच्या एल२९३डी, सिरियल पोर्टच्या मॅक्स२३२, रिले चालवायच्या यूएलएन२००३, दोन-तीन एडीसी०८०८, आणि मायक्रोकंट्रोलरपैकी बऱ्याच एटी८९सी५१ आणि एस५२, काही एटीमेगा. तापमान मोजायच्या एलएम३५ बऱ्याच निघाल्या, पण पाय इतके आखूड कापलेले की ब्रेडबोर्डात जाईनात. ५५५ (टायमर) आणि ७४१ (ॲम्प्लिफायर) आम्ही काढल्याच नाहीत. ५५५ कटिंग चहाच्या भावात नवी मिळते, तिच्यासाठी पोरांची अर्धी दुपार घालवणं हा शुद्ध कंजूषपणा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरला हात लावला नाही, ते आतून सुकतात. रिले काढले नाहीत, त्यांचे संपर्क जळलेले असतात आणि ते नेमके परीक्षेच्या दिवशी चिकटतात. वीजपुरवठ्याच्या उच्च दाबाच्या बाजूचं काही घेतलं नाही. वैद्यकीय उपकरण किंवा कुणाच्या जिवाशी संबंध असलेल्या कशातही काढलेली चिप घालायची नाही, हे फळ्यावर लिहूनच कामाला बसलो होतो.

तपासायला वेगळं काही लागलं नाही. ७४ मालिकेच्या साध्या लॉजिक आयसी लॅबमधल्या डिजिटल आयसी टेस्टरवर गेल्या. तो टेस्टर तुमच्याकडेही आहे, कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत. मायक्रोकंट्रोलर प्रोग्रामरवर लावून आधी त्याची ओळख वाचायची. एटीमेगा ३२८पी असेल तर १ई, ९५, ०एफ असं उत्तर यायला हवं. रंग दिलेली चिप इथेच पकडली जाते. मुलांनी पाच एटीमेगा 'मेल्या' म्हणून बाजूला टाकल्या होत्या. त्यांचे फ्यूज, म्हणजे चिपमधली सेटिंग, बाहेरच्या क्रिस्टलवर ठेवलेले होते, एवढंच. प्रोग्रामरवर क्रिस्टल लावला, पाचपैकी चार बोलायला लागल्या. आतला प्रोग्राम वाचू न देणारी लॉक बिट लावलेली असली तरी चिप पूर्ण पुसली की कुलूपही जातं. आता "किती वेळा वापरलेली आहे कोण जाणे" या शंकेबद्दल. एटी८९सी५१ चं डेटाशीट हजार वेळा पुसा-लिहा म्हणतं, एटीमेगा ३२८पी चं दहा हजार. आपली मुलं एका प्रोजेक्टमध्ये शंभरावर क्वचित जातात, तेही सबमिशनच्या आदल्या रात्री.

ठेवायची मात्र रीत आहे. थर्मोकोलमध्ये खोचलेल्या आयसी मी प्रत्येक कॉलेजात पाहिल्या आहेत. थर्मोकोल स्थिर वीज साठवतो, सीमॉस चिप त्यात खोचणं म्हणजे मांजराकडे दूध राखायला देणं. काळा, वीजवाहक फोम मिळतो, नवीन चिपांच्या पाकिटातही येतो. तोच जपून ठेवायचा. आणि काचेची खिडकी असलेल्या जुन्या ईप्रॉम (प्रोग्राम साठवणाऱ्या, प्रकाशानं पुसल्या जाणाऱ्या चिपा) निघाल्या तर त्यांची खिडकी आधी चिकटपट्टीनं झाका. थेट उन्हात साधारण आठवड्याभरात त्या पुसल्या जातात, ट्यूबलाईटखाली सुमारे तीन वर्षांत. आमच्या एका किटचा मॉनिटर प्रोग्राम असाच गेला, स्टिकर गळून पडला होता आणि किट खिडकीपाशी होतं. वर्षभर आम्ही बिचाऱ्या प्रोसेसरला दोष देत होतो.

अलीकडचे बोर्ड एसएमडीचे, म्हणजे पाय आरपार न जाता वरच्या वर सोल्डर केलेल्या चिपांचे, त्यांची गोष्ट वेगळी. त्या चिपांचं प्लॅस्टिक हवेतली ओल शोषून घेतं. हॉट एअरनं एकदम तापवलं की आतल्या ओलीची वाफ होऊन चिप आतून तडकते. कारखान्यांत याला पॉपकॉर्न होणं म्हणतात आणि ते टाळायला आधी १२५ अंशांवर चोवीस तास भाजतात. कोकणातल्या कॉलेजांनी पावसाळ्यात हे विसरू नये. पोटाखाली सोल्डरचे गोळे असलेल्या बीजीए चिपांच्या वाटेला मात्र जाऊ नका, ते आपलं काम नाही.

शिशाचं सोल्डर हाताळून झालं की हात साबणानं धुवायचे, खिडकी उघडी, धूर तोंडासमोर नको. शेगडीवर बोर्ड भाजून चिपा झटकायच्या, हे कुणालाही करू देऊ नका. त्या पाट्यांत आग रोखणारी ब्रोमीनची संयुगं असतात. दिल्लीत सीलमपूरला आणि उत्तर प्रदेशात मुरादाबादला बोर्ड जाळून, आम्लात घालून धातू काढणाऱ्यांबद्दल बरंच लिहिलं गेलंय. आपण किलोच्या भावानं दिलेलं पोतं शेवटी कुणाच्या शेगडीवर जातं, हे आपण विचारत नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार मोठ्या वापरकर्त्या संस्थांनी हा माल नोंदणीकृत यंत्रणेकडेच द्यायचा असतो. त्यामुळे क्रम महत्त्वाचा आहे. चिप काढायची ती बोर्डला कचरा ठरवायच्या आधी, आपल्याच लॅबमध्ये, आपल्याच वापरासाठी. कचरा ठरला की तो आपल्या हातचा राहिला नाही.

"आता सगळं सिम्युलेशनवर होतं, जुन्या चिपांचं काय करायचं?" असं एका सरांनी मला विचारलं होतं. २०२१ च्या चिपटंचाईत त्यांच्याच विद्यार्थ्यांना एटीमेगा मिळेना. टेक्सासमधल्या थंडीनं ऑस्टिनचे चिप कारखाने बंद पडले, मार्चमध्ये जपानात रेनेसास या चिप कंपनीच्या नाका इथल्या कारखान्याला आग लागली, मागणी आधीच तुंबलेली. पुण्यातल्या दुकानदारानं मुलांना सांगितलं, पुढच्या महिन्यात या, आणि पुढच्या महिन्यात भाव तिप्पट. तेव्हा आमच्या खणात काढलेल्या सात एटीमेगा होत्या. त्या कुठल्याच रजिस्टरला नव्हत्या, म्हणून त्या देताना मी दार लावून घेतलं. चांगली वस्तू पोराला देताना चोरासारखं वाटावं, याचा राग अजून गेलेला नाही. हे पत्र त्या रागातूनच लिहितोय म्हणा.

तुम्हाला फार काही करायचं नाही. मसुदा मीच देतो, सही तेवढी करा :

"विभागात पडून असलेल्या व विद्यार्थ्यांनी परत न नेलेल्या प्रकल्प बोर्डांवरील वापरण्याजोगे सुटे भाग प्रयोगशाळा सहायकाच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी काढावेत. तपासून चालू आढळलेल्या भागांची 'काढलेले सुटे भाग' या स्वतंत्र वहीत क्रमांक, कोणत्या बोर्डवरून काढले व तपासणीची तारीख यांसह नोंद करावी व ते प्रयोग आणि प्रकल्पांसाठी विनामूल्य द्यावेत. या भागांची विक्री करू नये. उरलेले बोर्ड नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण संस्थेकडे पाठवावेत."

चार वाक्यं आहेत. निर्लेखनाच्या प्रस्तावातही 'किटवरील चालू आयसी काढून घेतल्या आहेत' अशी एक ओळ घातली तर किटांचाही प्रश्न सुटेल. पण तिथे प्राचार्य, स्टोअर आणि अकाउंट्स अशा तीन सह्या लागतात, म्हणून घाई करत नाही. वही शंभर पानी पुरते. पहिलं पान असिस्टंटला लिहू द्या, त्याला बोर्ड कुठे कुठे लपलेत ते माहीत असतं.

जाता जाता, निवृत्त झाल्यावर रविवारी जुन्या बाजारात फिरताना एक मोडका ट्रेनर किट मिळाला, त्यावरून एक ८२७९ निघाली. तारीख ८७२३, म्हणजे १९८७ चा तेविसावा आठवडा. तपासली, सगळे आकडे नीट दाखवते. काळ्या फोममध्ये ठेवली आहे. तुमच्यापैकी कुणाच्या ८०८५ किटचा डिस्प्ले गेला असेल तर मुलाला पाठवा, घेऊन जाईल. येताना वही मात्र आणायला सांगा, नोंद करूनच देईन.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, पुणे